कोयनेचे साडू

आमच्या टीव्हीवर एखादा नवा माणूस दारातून आत आला, की तो तोंड उघडायच्या आत हिंदुराव तात्या विचारतात, “ह्यो त्येचा कोण?”

उत्तर मिळेपर्यंत ते पुढचं ऐकत नाहीत आणि दुसऱ्यालाही ऐकू देत नाहीत. चुलता म्हणावं, तर “सख्खा का चुलत?” मित्र म्हणावं, तर “मित्र हे काय नातं झालं व्हय? त्येचं गाव सांगा, मामा सांगा.” एकदा एका मालिकेत थाटामाटात लग्न लागत होतं. आमची आई पदरानं डोळे पुसत होती आणि तात्या खुर्चीच्या टोकावर येऊन ओरडत होते, “आवं, नवरीचा मामा कुठाय? मामाबिगर अंतरपाट धरलाय ह्यांनी!” शेवटी पायात चपला घालून ते निघूनच गेले. असल्या लग्नाला आपण थांबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

तात्या आमच्या सांगलीतल्या गल्लीच्या तोंडाला दोन खोल्यांत राहतात. लग्नं जुळवायचं त्यांना व्यसन आहे. मिरजेपासून शिराळ्यापर्यंत कुणाचा पदर कुणाला लागतो, कुणाची आत्या कुठं दिलीय, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं आणि ते आजवर कधी चुकलेलं नाही. स्वतः मात्र सडेफटिंग. कुणी विचारलं तर म्हणतात, “जगाची जुळवता जुळवता माझं राह्यलं.” माझंही त्यांनीच जुळवलं. सासर आईपासून चार घरांवर, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य अजून आईच्याच सोप्यात जातं. हा उपकार होता की सूड, ते मला अजून कळलेलं नाही.

साऱ्या जगाला गाव विचारणाऱ्या या माणसाला स्वतःचं गाव नाही. ते पाटणच्या वरच्या अंगाचे. लहानपणी गाव धरणात गेलं आणि भावकी वाट फुटेल तिकडं पांगली. आता त्यांचं त्या बाजूला एकच माणूस उरलंय. कोयनानगरचे त्यांचे साडू, बाबूराव. धरणाच्या कॉलनीत नोकरी केली आणि तिथंच राहिले. अधूनमधून तात्या पिशवीत भडंगाचे पुडे घालतात, “साडूकडं चाललोय” म्हणून गल्लीला सांगतात आणि एसटी धरतात. घाटात त्यांना हमखास मळमळतं, तरी जातातच. टीव्हीवर खालच्या पट्टीत कोयनेला भूकंपाचा धक्का बसल्याची बातमी सरकली, की हातातला चहा तसाच ठेवून ते फोन लावतात.

“साडू, भांडी पडली का?”

पलीकडून काहीतरी उत्तर येतं. मग तात्या खेकसतात, “कपबशा खालच्या फळीवर ठिवत जा म्हणून कितींदा सांगितलंय तुमाला?” आणि फोन ठेवल्यावर गार झालेला चहा तसाच पिऊन टाकतात.

तर असल्या माणसासमोर माझा धाकटा भाऊ अमोल यानं एक विलायती मालिका लावली.

अमोल पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येतो. गेल्या दिवाळीत गच्चीवर आकाशकंदील बांधता बांधता त्यानं मला सांगितलं होतं, “आक्का, मला मुलगी बघू नका. मला पुरुष आवडतात.” माझ्या हातातली वायर सुटली. मी रडले, मग त्याला जवळ घेतलं, मग पुन्हा रडले. आईला सांगायचं त्याचं धाडस होत नव्हतं. तो म्हणाला, “आधी तिला हसू दे. टीव्हीवर का होईना, माझ्यासारख्या माणसांशी ओळख होऊ दे तिची. मग सांगतो.” आणि म्हणून त्यानं ही विनोदी मालिका शोधून काढली होती. आमच्या आईला रडवायला शेकडो मालिका होत्या, तिला तयार करायला ही एकच.

मालिकेत दोन पुरुष एका घरात राहतात. एक दातांचा डॉक्टर, दुसरा केक करून विकतो. आवाज हिंदीतला. दोघं सकाळपासून भांडतात, दर दोन मिनिटांनी न दिसणारी माणसं खो खो हसतात, आणि मग एक जण दुसऱ्याच्या शर्टाचं बटण लावून देतो.

तात्यांचा प्रश्न आलाच. “ह्यो त्येचा कोण?”

अमोलनं माझ्याकडं बघितलं. आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, तिनंही मान वर केली. तो आत्ताच बोलतोय की काय, अशी मला धास्ती वाटली.

तात्यांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं. “साडू असतील.”

“साडू?” आई म्हणाली. “मग बायका कुठायत?”

“म्हायेरी गेल्या असतील.”

“दोघी बी?”

“भनीभनी हायत, वैनी. म्हायेर एकच. एका गाडीनं गेल्या.”

आईला ते पटलं. नंतर जितके भाग बघितले त्या सगळ्यांत त्या दोघी माहेरीच होत्या. मधूनच आई हळहळायची, “लय दिस झालं, गं. भांडून तर गेल्या नसतील?” आणि तात्या गंभीरपणे सांगायचे, “न्हाई, न्हाई. बाळंतपण आसंल कुणाचंतरी.” मला हसू यायचं आणि रागही यायचा. सगळ्या जिल्ह्याची नाती सोडवणाऱ्या माणसाला समोरचं दिसू नये? अमोल मात्र हसायचा नाही.

एका शनिवारी रिमोट आईच्या हातात होता. जुना विनोदी कार्यक्रम पुन्हा दाखवत होते. त्यात एक माणूस कंबर हलवत, हात झटकत आला, हिरोच्या गळ्यात पडला, एक थोबाडीत खाल्ली आणि “अगं बाई!” म्हणत निघून गेला. मागची न दिसणारी माणसं फुटेस्तोवर हसली. आईही हसली. अमोल पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेला.

तात्या हसले नाहीत. “ह्येला नाव काय दिलंय?” त्यांनी विचारलं.

“असल्याला कशाला नाव?” आई म्हणाली.

“त्येच म्हणतोय मी. नाव न्हाई, गाव न्हाई, मामा न्हाई. नुसता येतोय, मार खातोय, जातोय. जातोय कुठं पर? त्येला घर हाय का न्हाई?” तात्यांचा आवाज चढला होता. “त्या विलायतेतल्या दोगास्नी निदान घर दिलंय. फ्रिज दिलाय. भांडाय सासू दिलीय. लावा, त्येच लावा, वैनी.”

मला वाटलं, म्हाताऱ्याची धंद्याची खोड. ज्याचं स्थळ लिहून घेता येत नाही असा माणूस त्यांना सहन होत नाही, एवढाच मी अर्थ काढला.

आणि याच तात्यांनी अमोलसाठी शिराळ्याचं स्थळ आणलं. आईनं त्यांच्या मागं भुणभुण लावली होती, ते तरी किती दिवस टाळणार? मुलगी शिकलेली, घर चांगलं, पदर लागत होता. मुलीचे वडील आणि मामा रविवारी घर बघायला येणार आणि पटलं तर तिथंच सुपारी फोडणार, असं ठरून गेलं. आईनं अमोलला कळवलं तेही ठरल्यावर.

शनिवारी रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत होता, असं आई कौतुकानं सांगत होती. रविवारी सकाळी तो माजघरात भिंतीला टेकून उभा होता. नवा शर्ट आत्ताच घामानं भिजला होता. “आक्का, मी सगळ्यांसमोर बोलतो. त्या मुलीला फसवणार नाही मी.”

“पाहुण्यांसमोर? आईचं काय होईल?”

“मग काय करू सांग.”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला.

पाहुणे भले होते. त्यांनी घर बघितलं, पोह्यांचं कौतुक केलं, अमोलला पगार विचारला नाही. म्हणजे पसंतीच होती. आईच्या चेहऱ्यावर असं सुख मी बाबा गेल्यापासून बघितलं नव्हतं, आणि ते बघवतही नव्हतं. मुलीच्या मामांनी ताटातली सुपारी उचलली. “मग तात्या, करायचं का?”

अमोल उठून उभा राहिला. त्याचे ओठ हलले.

“थांबा,” तात्या म्हणाले. “नातं आडवं येतंय.”

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. तात्यांनी डोळे मिटले होते, हिशोब करताना मिटतात तसे. “पावनं, तुमचं आजोबा दत्तक आल्यालं न्हवं का? त्येंचं मूळ घर धरलं, तर पोराची आज्जी त्या घरातली निघती. तुमची पोरगी ह्येची मावशी लागती.”

“मावशी?”

“मावशी. लावता का लगीन?”

मुलीचे वडील उठले. “आवं तात्या, हे आधी बघाय नगं? आमी भावकीत सांगून बसलोय!”

“चुकलं माझं.”

“चुकलं काय? तुमच्या शब्दावर आलो आमी!” मामांनी सुपारी ताटात टाकली. “डोस्कं चालंना आता तुमचं. बास करा ही मध्यस्थी. आमच्या बाजूला तर तुमाला आता कोन इचारायचं न्हाई.”

तात्या मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांचं सांगणं खोटं असेल, अशी शंका कुणालाच आली नाही. नात्याच्या बाबतीत तात्या चुकत नाहीत, हे सगळा शिराळा तालुका जाणून होता, आणि त्याच भरवशावर पाहुणे निघून गेले. आई आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मी तात्यांच्या मागं पायरीपर्यंत गेले. “तात्या, आमची आज्जी त्या घरातली नव्हतीच.”

“ठावं हाय मला.”

“मग?”

त्यांना चप्पल सापडत नव्हती. “पोरगी चांगली हाय, सुमे. नवरा म्होरं बसल्याला आसताना तिनं जल्मभर त्येची वाट का म्हणून बघत बसावी?”

“तुम्हाला अमोलनं सांगितलं?”

“न्हाई. मी टीव्हीम्होरं बसतोय, पर टीव्हीकडं थोडाच बघतोय? त्या दोगांचं बटण लावायचं आलं, की पोरगं श्वास धरतंय.” त्यांना एकदाची चप्पल मिळाली. “आईला त्येचं त्येला सांगू दे. तू मधी पडू नगंस.”

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन निघाले. भडंग घ्यायलाही थांबले नाहीत. साडूकडं चाललोय, एवढंच गल्लीत म्हणाले. इतका मोठा अपमान पचवायला माणूस दुसरं कुठं जाणार? गल्लीत आठवडाभर तोच विषय होता. आई तर त्यांचं नावही काढू देत नव्हती.

मग एका संध्याकाळी आई भाकरी थापत होती, मी दारात लसूण सोलत बसले होते, आणि सोप्यातल्या टीव्हीवर पट्टी सरकली. कोयना परिसरात भूकंपाचा धक्का. मी ती मोठ्यानं वाचली.

“तात्यांच्या साडूची भांडी पडली असतील,” आई सवयीनं म्हणाली.

आणि तिचा हात भाकरीवर तसाच राहिला.

“सुमे, तात्यांचं लगीन झालंय का गं?”

“नाही की. जगाची जुळवता जुळवता राहिलं, असं तेच सांगतात.”

“मग बायकोच न्हाई, तर बायकोच्या भनीचा नवरा कुठनं आला?”

तात्या बिनलग्नाचे आहेत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तात्यांना कोयनेला साडू आहेत, हेही सगळ्या गल्लीला माहीत होतं. दोन्ही एकत्र करून बघायचं इतक्या वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं. सगळ्यांची नाती लावून देणारा हा माणूस एक अशक्य नातं उघडपणे सांगत गल्लीतून ये-जा करत होता, आणि आम्ही त्याला घाटातल्या मळमळीवर आवळासुपारी देत होतो.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. आईनं ती काढली नाही.

“त्या मालिकेतल्या बायका आल्या का गं म्हायेरास्नं?”

“नाही, आई.”

“यायच्या बी न्हाईत न्हवं?”

मी मान हलवली. तिनं गॅस बंद केला. “ती मालिका अमोलनं लावलीती,” ती स्वतःशीच म्हणाली. मग पिठाच्या हातांनी तोंडावर पदर घेतला. मधी पडू नको, असं तात्यांनी बजावलं होतं; मी लसूण सोलत राहिले.

शेवटी तिनं पदर काढला. गालाला पीठ लागलं होतं. “फोन दे तुजा.”

“अमोलला लावू?”

“त्येला मग. त्येला म्हणावं, काय सांगायचं आसंल ते माझ्याम्होरं बसून सांग. मी उठून जायची न्हाई. आधी तात्यास्नी लाव.”

मी लावून दिला. बऱ्याच वेळानं पलीकडून “हॅलो” आलं, भ्यालेलं. इतक्या दिवसांत इकडून फोन गेला नव्हता.

“तात्या, आवं भांडी पडली का?” आईनं विचारलं. “पडू द्या. दोघं बी बरं हायसा न्हवं?”

तात्यांच्या मागं कुणीतरी बशांचे तुकडे गोळा करत असल्याचा आवाज येत होता.

“ऐतवारी अमोल यायचाय,” आई म्हणाली. “दोघं बी या जेवायला. आन् बाबूरावांस्नी तिखट चालतंय का, तेवढं सांगा.”