चोरून चालणारे हमीदभाई

चोरून विडी ओढणारी, चोरून मटका खेळणारी माणसं मी पाहिलेली आहेत. चोरून चालणारा माणूस मात्र आमच्या मुरुममध्ये एकच. हमीदभाई कापडवाले.

हमीदभाई माझे शेजारी. माणूस उंचीला बेताचा आणि घेराला सढळ. "शर्टाला किती कापड लागंल?" असं गिऱ्हाइकानं विचारलं, की स्वतःच्या पोटाकडं बोट दाखवून म्हणायचे, "माझ्या एकात तुमचे दोन निघतील." असा स्वतःवर हसणारा माणूस गेल्या वर्षी एकाएकी लाजायला लागला.

झालं असं, की त्यांनी चालायला सुरुवात केली. दुकान दिवसभराचं, त्यामुळं वेळ उरली ती भल्या सकाळची. पण आमच्या गावात बिनकामाचं चालता येत नाही. दिसेल तो विचारणार, "कुठं निघालात?" वजन उतरवायला, असं सांगायची हमीदभाईंना इतकी शरम, की ते हातात काहीतरी धरूनच निघायचे. कधी दुधाचा रिकामा कॅन, कधी पिशवी. एकदा ऐन उन्हाळ्यात दुरुस्तीची छत्री. कुणी हटकलं की ठरलेलं उत्तर, "जरा काम हाय पुढं."

त्यात पायी चाललेला दुकानदार म्हणजे गाडी बिघडलेला, असा लोकांचा समज. येणारा-जाणारा मोटारसायकल थांबवायचा. "बसा हमीदभाई, सोडतो." नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. ते मुकाट बसायचे. एकानं तर त्यांना पार आपल्या शेतापर्यंत नेऊन सोडलं. तिथून पायी परत येईस्तोवर बाजार उघडून गेला होता. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. मी विचारलं, "झालं का काम?"

"लई लांब होतं," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी दुकानातच सोय लावली. रोज खपणारे तागे सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवले. कुणी पायजम्याचं कापड मागितलं की स्टुलावर चढायचं, उतरायचं, रंग पसंत पडला नाही की पुन्हा चढायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अर्धं शटर ओढून आत उठाबशा. एकदा मी वाकून अचानक आत शिरलो. हमीदभाई अर्ध्यात थांबले आणि तसेच जमिनीवर हात फिरवायला लागले.

"टेप पडलीय, सर. शोधतोय."

टेप त्यांच्या गळ्यात होती.

"अहो, व्यायाम करताय की चोरी?" मी म्हणालो.

ते खाली बसले. कान लाल झाले होते. "कुणाला बोलू नका. या वयात हे बरं दिसतं का?"

मी बोललो नाही, पण गाव बोललंच. हमीदभाई वाळायला लागलेत म्हणजे दुसरा निकाह करणार, अशी कुजबुज सुरू झाली. ती त्यांच्या बायकोच्या, म्हणजे भाभींच्या, कानावरही गेली. त्या चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. मला ते जरा चमत्कारिक वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी हमीदभाई माझ्या दारात उभे. "सर, सोलापूरला येता का माझ्यासंगट? गाडी तुम्हीच चालवा. आज माझं ध्यान लागायचं न्हाय."

गाडी नळदुर्गात शिरली. हमीदभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपाला इथंच दिलीय, नळदुर्गात."

आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. डायलिसिसला सोलापूरला न्यावं लागायचं.

"म्या म्हणलं, माझं एक काढून द्या. समदं जुळलं, सर. पण डॉक्टर म्हणले, एवढ्या वजनावर तुमचं ऑपरेशन करता येणार न्हाय, आधी वजन उतरवा." खिडकीची काच खाली करत म्हणाले, "अम्मी गेल्यावर आपानंच मला वाढवलं. अन् मी चरबीपायी नापास. घरात बायकोला तेवढं ठावं. बाकी कुठल्या तोंडानं सांगू कुणाला?"

"आपांना माहीत आहे?"

"न्हाय. त्यांच्या घरात समद्यांना वाटतं, हमीदनं माघार घेतली. वाटू द्या. वजन उतरलंच नसतं तर? आशा लावून परत तोडायची का?"

डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद पाहिले, हमीदभाईंना काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "आता जमेल." हमीदभाई काट्यावरून उतरेनात. शेवटी मी दंडाला धरून त्यांना खाली घेतलं.

आपा मशीनशेजारी पडून होत्या. एका हाताला नळ्या लावलेल्या. हमीदभाई पायाशी जाऊन उभे राहिले, मान वर न करता. आपांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी परका म्हणून घरची बोली सोडून मराठीत बोलल्या.

"किती वाळलास रे. दुकान चालत न्हाय का?"

हमीदभाईंनी त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

आपांनी मोकळ्या हातानं उशीमागचा डबा ओढला. "मला जाईना. तू खा. सकाळचा उपाशीच निघाला असशील."

त्यांनी डबा घेतला. भिंतीकडं तोंड करून भाकरीचा तुकडा मोडला आणि उभ्या उभ्या खायला लागले. डॉक्टर 'आता जमेल' म्हणाले, हे आपांना त्यांच्या तोंडूनच कळायला हवं होतं. मी दोघांना तिथंच सोडून बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.