पुढच्या सीटवर कुणी बसायचं नाही

गाडीचं काहीही विचारायचं असेल तर सेलूत अप्पारावांना विचारावं, असं खुद्द अप्पारावांचंच म्हणणं होतं. सगळी नोकरी सरकारी जीप चालवण्यात गेलेली. क्लच जड का लागतो, थंडीत डिझेल गाडी सकाळी का रुसते, काळ्या रानात चाक रुतल्यावर रेस का देऊ नये, सगळ्याची उत्तरं तयार. विचारणारा कुणी नसला तरी उत्तर तयार.

"गाडी माझ्याशी बोलती," ते म्हणायचे. "नुसत्या आवाजावरून सांगतो कुठं दुखतंय ते."

त्या दिवशी गाडी खरंच बोलायला लागली आणि अप्पारावांचं डोकं फिरलं.

गाडी नवी होती. जुनी जीप पावसाळ्यात शेताच्या वाटेवर रुतायची आणि त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, चिखलात उतरून ढकलावं लागायचं. एकदा चप्पल चिखलातच राहिली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आता घ्यायची तर चारी चाकं वढणारी घ्या, न्हाईतर बैलगाडी बरी." अप्पारावांनी तशी गाडी नोंदवली. गाडी आली, पण त्याआधी अनसूयाबाई गेल्या. परभणीच्या दवाखान्यात, उशाशी टूं टूं करणाऱ्या यंत्राजवळ.

त्यामुळं त्या गाडीत पुढची डावी सीट कोरीच राहिली. तिथं कुणी बसायचं नाही. पाहुणे आले, मागं बसले. जावई आला, तोही मागंच. "पुढं सामान हाय," असं अप्पाराव रिकाम्या सीटकडं बोट दाखवून सांगायचे, आणि त्यांचा चेहरा बघून सामान कुठाय असं विचारायची कुणाची छाती व्हायची नाही.

नात सृष्टी जिंतूरला शिवणकाम शिकत होती. तिनं आजीची शिलाई मशीन मागितली. हातानं फिरवायची, जुनी, लोखंडी, उचलताना कंबर धरावी अशी.

"टेम्पोनं पाठवा आप्पा," लेक राजेश्री फोनवर म्हणाली.

"टेम्पोत खिळखिळी हुती. मी आनतो."

"तुमी एवढ्या लांब गाडी चालवू नका. आईच्या मागं तुमचं रस्त्यावर ध्यान नसतंय."

"माझं ध्यान काढू नको. जेवायला यिऊन दाखवतो."

"या. पन रस्त्यात गाडी थांबली का चावी माझ्या कपाटात. मंग गाडी न्हाई, काई न्हाई."

अप्पारावांनी कबूल केलं. रागात माणूस काहीही कबूल करतो. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. दिवसातून एकदा गाडीत बसून शेतावर जायचं, एवढंच काय ते बाहेर पडणं. चावी गेली तर भिंतींकडं बघत बसायचं.

सकाळी त्यांनी मशीन उचलली. मागं ठेवायचा प्रश्न नव्हता. अनसूयाबाई ती दुरुस्तीला नेतानासुद्धा मागं ठेवू द्यायच्या नाहीत. आदळती म्हणायच्या आणि मांडीवर घेऊन बसायच्या. अप्पारावांनी पुढच्या सीटवर जुनी वाकळ घडी करून टाकली, तिच्यावर मशीन ठेवली, दार लावलं. मग स्वतः बसले आणि स्वतःचा पट्टा लावला. पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही ही राजेश्रीची अट होती, आणि ती त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळली होती.

सेलू मागं पडलं आणि गाडी ओरडली. टूं. टूं. टूं.

"काय झालं गं?" अप्पाराव म्हणाले.

टूं टूं टूं टूं.

त्यांनी एसी बंद केला. हँडब्रेक बघितला, खालीच होता. थांबून चारी दारं आपटली. थांबल्यावर आवाज गप्प. निघाले की सुरू. काचेमागं एक लाल दिवा लागला होता, पण जवळचा चष्मा घरी राहिलेला, त्यामुळं दिव्यात काय आहे ते दिसेना. डोक्यावर पोतं घेतलेला माणूस असावा असं वाटलं. अशा माणसाचं गाडीत काय काम? चारही चाकांचा जोर सुरू करून बघितला. गाडी घुरघुरायला लागली, वर टूं टूं होतंच. सासू आणि सून एकाच वेळी बोलाव्यात तसं झालं.

राग आला तो नुसत्या आवाजाचा नव्हता. असा आवाज त्यांनी आधी ऐकला होता. रात्रंदिवस ऐकला होता, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून.

"गप," ते म्हणाले. "गप म्हनतो ना."

तेवढ्यात फोन वाजला आणि गाडीनं तो स्वतःच उचलला. गाडीभर राजेश्रीचा आवाज घुमला.

"आप्पा, निघालाव का?"

"निघालोय, पन हे टूं टूं बंद हुईना! डोकं उठलंय माझं. देवगाव फाट्यावर दाखवतो."

पलीकडं राजेश्रीचा आवाज चढला. तिनंही तो आवाज ऐकला होता, त्याच खुर्चीच्या शेजारी उभं राहून.

"आप्पा, तुमी कुठं हाव? कुनी ॲडमिट केलं?"

रेंज गेली.

देवगाव फाट्यावर भुजंगचं गॅरेज. भुजंगनं अप्पारावांच्या सरकारी जीपचे हातपाय बऱ्याच वेळा जोडले होते. शेजारी दत्ताचं चहाचं हॉटेल, म्हणजे सल्ल्यांचा तोटा नाही.

"आवाज यायलाय," अप्पाराव तुटकपणे म्हणाले.

"तुमाला कळंना?" भुजंग म्हणाला. "मंग इलाजच खुंटला. बघू द्या."

"थांब. तुझ्या हाताला ऑइल हाय." अप्पारावांनी आधी मशीन उतरवली आणि वाकळीसकट स्वतःच्या छातीशी धरली. मशीनला भुजंगचा हात लागायला नको होता. "हां, आता बघ. उभ्या गाडीला न्हाई यायचा. चालवून बघ."

भुजंग पट्टा लावून गाडी चालवायला बसला. दत्ता फडकं खांद्यावर टाकून पुढचं दार उघडायला लागला.

"ए, मागं हो," अप्पाराव गरजले. "पुढं कुनी बसायचं न्हाई."

"मी जरा आवाज ऐकतो म्हनलं."

"चहा उकळतो त्याचा ऐक."

दत्ता बसला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण तो गेला बिचारा. अप्पाराव मांडीवर शिलाई मशीन घेऊन मागच्या सीटवर बसले आणि भुजंगनं त्यांना जिंतूर रोडनं वरातीतल्या नवरदेवासारखं फिरवून आणलं. गाडी गप्प. मुक्या जनावरासारखी गप्प.

"आप्पा, काईच न्हाई की."

"मगाशी हुतं."

"तुमच्या कानात तर न्हाई?"

अप्पारावांनी मशीन परत पुढच्या सीटवर ठेवली, मोठ्या तोऱ्यात गाडी काढली, आणि पुढच्या बाभळीच्या झाडापर्यंत पोचायच्या आत टूं टूं. तसेच मागं फिरले. परत मशीन उतरवली, परत भुजंग बसला, परत फेरी, परत गाडी गप्प. फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं आता एसटी आली तरी उठेनात.

"तुमच्यावर डाव धरलाय गाडीनं," दत्ता लांबूनच म्हणाला. "लिंबू वलांडून बघा."

"तुलाच वलांडतो."

शेवटी भुजंगला आपल्या इभ्रतीची काळजी पडली. तो स्टेअरिंगखाली डोकं घालून आडवा झाला. आतून काहीतरी उपसलं, काहीतरी खोचलं. आणि वायपर सुरू झाले. वैशाखाचं ऊन, काचेवर धूळ, आणि वायपर खर्र खर्र करत जोरात फिरायला लागले. बंद करायचं बटन दाबलं तर आणखी जोरात.

"हे काय केलं तू?"

"आवाज गेला का बघा की आधी."

अप्पारावांनी मशीन ठेवून एक फेरी मारून आणली. आवाज गेला नव्हता. आता वायपर आणि आवाज दोन्ही होते.

तेवढ्यात जिंतूरकडून ॲम्ब्युलन्स भोंगा वाजवत आली आणि गॅरेजसमोर थांबली. पुढच्या दारातून जावई परमेश्वर उतरला. शाळा अर्धी टाकून आला होता, हाताला अजून खडू होता. मागून दोघांनी स्ट्रेचर काढलं.

"मामा, उभं राहू नका. झोपा आधी."

"कशावर झोपू?"

"ह्याच्यावर."

"परमेश्वर, उन्हात फिरून आलाव का?"

"राजेश्री रडायलीय घरी. फोनमधी तो आवाज आला म्हनली. दवाखान्यात मामीच्या उशाला यायचा तसा."

दत्तानं खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. वायपर तेवढे फिरत होते. अप्पारावांना खाली बघावं लागलं. आपल्याला तो आवाज कशासारखा वाटतोय हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"गाडीचा आवाज हाय तो," ते म्हणाले. "मला काई झालेलं न्हाई."

परमेश्वरनं जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला. मग मास्तर जागा झाला. "म्हंजे गाडी थांबली. चावी द्या मामा. मी आनतो गाडी. तुमी यांच्यासंगं बसा, आन मशीन ठिवू स्ट्रेचरवर."

ॲम्ब्युलन्सवाल्यानं मशीनकडं हात नेला.

"हात लावायचा न्हाई," अप्पाराव म्हणाले. ओरडले नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटली. "एकदा घातलं तिला ॲम्ब्युलन्समधी. बास झालं."

परमेश्वरनं चावीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. अप्पाराव गाडीत बसले, पट्टा लावला, दार आपटलं आणि निघाले. वायपर खर्र खर्र, गाडी टूं टूं. मागं ॲम्ब्युलन्स, कारण तिलाही जिंतूरलाच जायचं होतं. वरचा दिवा विझवायचं कुणाला सुचलं नाही. समोरून येणारे ट्रक बाजूला व्हायला लागले. एका म्हाताऱ्यानं सायकलवरून उतरून हात जोडले.

"बघितलं का?" अप्पाराव शेजारच्या सीटला म्हणाले. "जित्या मानसाची मयत काढली तुज्यामुळं. गप बसायला काय घेती? सगळा जलम बोलून घेतलं. हळू चालवा, हॉर्न मारा, बैलं आली. आन आता जाऊन बसलीस ते बसलीस, वर आजून टूं टूं?"

टूं टूं टूं, गाडी म्हणाली.

वळणावर म्हैस आडवी आली. अप्पारावांनी करकचून ब्रेक दाबला. वाकळ सटकली आणि मशीन सीटवरून निघाली. त्यांनी डावा हात घालून ती धरली. बोटं चेंगरली. म्हैस त्यांच्याकडं बघत सावकाश पलीकडं गेली.

अप्पारावांचा राग मावेना. "पडली असतीस ना आता!" त्यांनी मशीन मागं रेटली, पट्टा ओढला आणि तिच्या भोवतीनं घेऊन खटकन अडकवला. "बस आता गुमान."

गाडी पुढं निघाली. आवाज नव्हता.

थोडं अंतर गेलं तरी नव्हता. अप्पारावांनी मान वळवून पट्टा बघितला, लाल दिव्याची जागा बघितली. दिवा विझला होता. सगळी नोकरी गाडीवर काढलेल्या माणसाला तेव्हा कळलं की गाडीत काहीही बिघडलं नव्हतं. शेजारी कुणीतरी जड बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, एवढंच ती सांगत होती. त्या सीटवर आजवर कुणी बसलंच नव्हतं, तर कळणार कसं?

हसू यायला हवं होतं. पण तसाच आवाज याआधीही एकदा असाच अचानक बंद झाला होता. तेव्हा नर्सनं येऊन यंत्राची वायर काढली होती आणि अप्पाराव तिला म्हणाले होते, राहू द्या, वाजू द्या.

त्यांनी गाडी कडेला घेतली. मागून परमेश्वर पळत आला.

"काय झालं मामा?"

"काई न्हाई. झाली नीट."

"काय हुतं?"

"वायर हुती," अप्पाराव म्हणाले आणि तोंड पुसलं. "वायर."

जिंतूरला राजेश्री दारातच हात पुढं करून उभी होती. डोळे सुजलेले. "चावी."

अप्पारावांनी चावी दिली. मग खाली बघत खरं काय ते सांगितलं. मशीनला पट्टा पाहिजे होता. राजेश्री त्यांच्याकडं बघत राहिली आणि उंबऱ्यावरच बसून हसायला लागली. सेलूत सगळ्यांना अक्कल वाटणारे आप्पा, स्ट्रेचर, वायपर. हसता हसता रडली, रडता रडता परत हसली. वर्षभरात ती अशी हसली नव्हती. मग तिनं चावी त्यांच्या खिशात कोंबली. "ठिवा. आन जेवा आधी."

आत सृष्टीनं मशीनमध्ये दोरा ओवला आणि चाक फिरवलं. अप्पाराव तो खडखडाट ऐकत जेवले.

निघताना राजेश्रीनं ज्वारीची पिशवी भरून आणली आणि मागचं दार उघडायला गेली.

"पुढं ठिव," अप्पाराव म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं बघितलं. पिशवी पुढं ठेवली, तिला नीट पट्टा लावला.

देवगाव फाट्यावर भुजंगला गाडी लांबूनच ऐकू आली. तो रस्त्यात येऊन उभा राहिला. अप्पारावांनी काच खाली केली. शेजारी ज्वारीची पिशवी होती, आणि तिचा पट्टा काढलेला होता.

"आप्पा, आजून ओरडायलीय की! जाताना तर परमेश्वर मास्तर नीट झाली म्हनले हुते फोनवर. थांबा, मुळातनंच वायर तोडतो."

"आवाजाला हात लावला तर हात तोडीन," अप्पाराव म्हणाले. "वायपर बंद कर."