गुरूच्या कानांची परीक्षा

मुलांनो, एक घर मनात उभं करा बघू! डोळे उघडेच ठेवा, नाहीतर पुढचं वाचणार कसं? घर सोलापुरातलं. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, खटक-खट, खटक-खट! मागच्या खोलीत स्वयंपाक, माणसं आणि नऊ महिन्यांचा गुरु. इथे पाणी मागायचं तर अंगठा तोंडाकडे न्यायचा, नाहीतर बेंबीच्या देठापासून ओरडायचं.

त्या दिवशी अंगणवाडीच्या मीनाबाई आल्या होत्या. त्या याच गल्लीतल्या. बाळाच्या मागे खुळखुळा वाजवायचा आणि ते वळतं का, ते पाहायचं, एवढंच काम.

गुरूचे आजोबा शिवलिंगप्पा, म्हणजे गल्लीचे आप्पा, मिशीवर हात फिरवत गरजले, "आमचा नातू हाय ह्यो! मुंगी चालली तरी वळून बघतंय की!"

खुळखुळा वाजला. गुरु पायाचा अंगठा चोखण्यात दंग.

"लई हळू वाजवलं तुमी!" आप्पांनी देवघरातली घंटा बडवली. गुरूने दुसऱ्या पायाचा अंगठा तोंडात घातला.

त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या वैजयंतीने, त्याच्या आईने, सासऱ्यांकडे पाहिलं. "मामा, ह्याला ऐकू येत न्हाय का वो?"

"गप गं! अजून माझा दम बघितलाय कुटं त्यानं!"

आप्पांनी परातीवर उलथनं हाणलं. मग शेजारच्या महिपतीला टेम्पो मागच्या खिडकीशी लावायला सांगितला. हॉर्न असा वाजला की गल्लीतलं कुत्रं पत्र्यावर चढलं आणि भंगारवाला आला समजून तीन बाया मोडके डबे घेऊन धावल्या! गुरूने जांभई दिली.

मीनाबाईंचा चेहरा उतरला. "आप्पा, उद्या मोठ्या दवाखान्यात कान दाखवू या."

वैजयंतीचे डोळे भरले. आप्पांची मिशीसुद्धा खाली आली.

इतक्यात वीज गेली.

माग थांबले. घरात अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही पाहुण्यासारखी वाटली. गुरु दचकला! डोळे एवढाले करून त्याने छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. जणू घरातलं कुणी मोठं माणूस न सांगता निघून गेलं होतं.

मीनाबाईंनी श्वास रोखला. त्याच्या पाठीमागे जाऊन पदराचं टोक दोन बोटांत चोळलं. नुसतं चोळलं!

गुरु झटकन वळला.

दुसऱ्या बाजूला चोळलं. तिकडे वळला!

एवढासा जीव! त्या शांततेतून कापडाची सळसळ वेचत होता, तांदळातून खडा वेचावा तशी. वैजयंती हसत होती आणि रडतही होती.

"आगं बया!" मीनाबाई पुटपुटल्या. "ह्या खटखटीत वाढलेल्या पोराला हॉर्नचं काय वाटणार! माग बंद करायचं आपल्यापैकी एकालाबी कसं सुचलं न्हाय?"

आप्पा चकित झाले. "मागाचा आवाज येत हुता व्हय?"

त्यांनी नातवाला उचलून छातीशी धरलं. पण गुरूला ती शांतता मुळीच पसंत नव्हती. त्याने दोन्ही तळहात आजोबांच्या टकलावर आपटायला सुरुवात केली, अगदी मागाच्या तालात, आणि वीज येईपर्यंत तो थांबला नाही!