मोतीरामजींची गरम पट्टी

आमच्या भंडाऱ्याच्या गल्लीत मोतीरामजींकडे गेलं की चहा मिळेलच असं नाही, पण डोळ्यांवर गरम पट्टी पडणारच! दारात पाऊल टाकलं रे टाकलं की खाटेकडे बोट. ‘‘आडवा हो. डोळे मीट, मंग बोल!’’

मोतीरामजींचा जन्म पितळी भांड्यांवर नावं कोरण्यात गेला. संध्याकाळी डोळे असे कोरडे पडायचे, की वाळू गेल्यासारखे खुपायचे. मग बायको लोट्यात गरम पाणी भरायची, त्याला धोतराची घडी गुंडाळायची आणि ती शेकलेली घडी त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची. बायको गेली, लोटा राहिला. मोतीरामजींनी मग अख्ख्या गल्लीचे डोळे ताब्यात घेतले.

मी कचेरीत टाइपरायटर बडवणारा, म्हणजे आयतंच गिऱ्हाईक. पट्टी ते आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे, मगच माझ्या डोळ्यांवर. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण नियम कडक. ‘‘पट्टी गरम आहे तवरोक उठाचं नाई!’’ तोवर ते गावभरच्या गोष्टी सांगत. एकदा मत मागायला आलेल्या पुढाऱ्यालाच त्यांनी आडवं केलं. मागून आलेल्या कार्यकर्त्यांनी खाटेवरचा तो देह पाहिला आणि भराभर टोप्याच काढल्या!

एक माणूस मात्र त्या खाटेवर कधी आडवा झाला नाही. त्यांचा मुलगा वसंता. रायपूरला रात्रपाळीची नोकरी, डोळे कायम लाल. वर्षातून एकदा यायचा, खुर्चीच्या कडेवर टेकायचा आणि म्हणायचा, ‘‘बाबा, गाडी आहे.’’

त्या वर्षी तो येणार म्हणून मोतीरामजींनी सकाळपासून लोटा चिंचेनं घासून लखलखीत केला. मला धड दाढी करू देईनात. ‘‘बाबू, वसंता वरठीच्या ठेसनावर उतरला असन का? औंदा निजवतोच त्याले, पाहाय तू!’’ म्हातारा नुसता आत-बाहेर नाचत होता. मलाही चेव आला. परतीच्या रिक्षाचं मी बघतो, म्हटलं, तुम्ही पाणी तापवा.

ठरल्या वेळी रिक्षा घेऊन आलो आणि बघतो तर काय, वसंता खाटेवर आडवा! डोळ्यांवर पट्टी. उशाशी मोतीरामजी, तोंडाचा पट्टा सुरू. कोणाची म्हैस व्याली, कोणाची पोरगी पास झाली. सांगू किती आणि काय असं झालं होतं त्यांना!

‘‘वसंता, रिक्षा आली. गाडी चुकेल,’’ मी म्हटलं.

मोतीरामजी बोलता बोलता थांबले. चेहरा एवढासा झाला. हळूच म्हणाले, ‘‘थंडी झाली असन पट्टी, तं ऊठ बाप्पा.’’

‘‘नाई बाबा. गरम आहे अजून.’’

त्याला उठवायला मी वाकलो, तेव्हा पट्टीला हात लागला. थंडगार होती.

मी बाहेर आलो आणि रिक्षा परत पाठवली. आत मोतीरामजींनी म्हशीपासून पुन्हा सुरुवात केली होती.