सातव्या गडावरील हत्तीची बखर

श्रीगजवदन सुप्रसन्न असोत, वीज अखंड राहो आणि वाचणारांस उदंड सवड मिळो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन मासी आमच्या आळीच्या राज्यात जो कल्लोळ जाहला, तो पाहणारांनी सांगितला तैसा लिहिला असे.

पूर्वी शके १९१९चे सुमारास राज्यात 'सप्तदुर्ग' नामे व्हिडिओ गेम आला. एका कॅसेटीत सात गड, गडोगडी पहारे, आणि एक शिलेदार, जो उडी मारिता मारिता पागोटे हरवीत असे. कॅसेट चालेना तर तीत फुंकर घालावी, हा शास्त्रार्थ. खेळ मध्येच राखून ठेवावयाची सोय नव्हती. आरंभिला की एका बैठकीत शेवटास न्यावा. आणि राज्यात तर सायंकाळी नेमाने वीज जात असे. पोरांनी शाळेतून यावे, दप्तरे फेकावी, पाच गड घ्यावे, सहाव्याचा दरवाजा फोडावा, आणि तो फुटतो न फुटतो तोच पडदा काळा व्हावा. सबब सातवा गड कोणी पाहिला नाही. मग सारी फौज अंधारात कट्ट्यावर बसोन सातव्यावर काय असेल याचे तर्क करी, आणि डास मारी.

ऐशात सर्जेराव, वय वर्षे अकरा, उन्हाळ्यात मामाचे गावी जाऊन आले आणि कट्ट्यावर बोलिले, "तिकडे वीज जात नाही. आम्ही सातवा गड घेतला." कट्टा सरकोन जवळ आला. "काय आहे रे वर?" ऐसे त्र्यंबकपंतांनी पुसिले, हे बाळपणापासोन संशयी, दूध दिले तरी वास घेऊन पिणार. सर्जेरावांनी एक डास मारिला आणि ते म्हणाले, "पांढरा हत्ती. सोंडेने माळ घालतो. मग पाठीवर घेऊन ढगात जातो." खरे पाहता मामांकडे टीव्हीच नव्हता. परंतु बोलणे बाहेर पडले आणि त्या दिवसापासोन सर्जेराव राज्यात थोर जाहले. पुढे सर्वांस मिशा आल्या, पोटे सुटली, तरी मंडळी जमली की मिसळीची पहिली बशी सर्जेरावांस. लग्न ठरतेसमयीही वेणूबाईसाहेबांचे बंधू याच कट्ट्यावरचे, ते म्हणाले, "मुलगा सातवा गड पाहिलेला आहे, आणखी काय चौकशी करावयाची?"

ऐसे सुख चालिले असता वार्ता आली की समुद्रापलीकडील कारागिरांनी 'सप्तदुर्ग'चा रिमास्टर काढिला. रंग नवे, वाद्ये नवी, आणि खेळ वाटेल तेथे राखून ठेवावा. राज्यात दोन पक्ष जाहले. एक म्हणे, घ्यावा. दुसरा म्हणे, जुन्यास हात लावू नये. दुसऱ्या पक्षाचे सेनापती सर्जेराव. त्यांची झोप उडाली. "रिमास्टर म्हणजे पुरणपोळीवर चीज," ऐसे ते ज्याला त्याला सांगो लागले, "फुंकर नाही तर खेळ कसला?" त्र्यंबकपंत म्हणाले, "सर्जेराव, तुमचे बरे आहे. तुम्ही जेवून हात धुतलेत. आम्ही अजून पंगतीत उपाशी आहोत, आम्हांस वाढू तरी द्या!"

मग रविवारी त्र्यंबकपंतांचे दिवाणखान्यात दरबार भरला. रिमास्टर लाविला, आणि पडद्यावर शिलेदार ऐसा लख्ख उगवला की पागोट्याचा पीळन् पीळ दिसे. "अरे, याला मिशा होत्या!" म्हणोन एकच आरोळी जाहली. एक गड, दोन गड, पाच गड पडले, भजी गार जाहली, कोणी खाईना. सहाव्याचा दरवाजा फुटला तेव्हा सर्वांनी जुन्या सवयीने वर पंख्याकडे पाहिले. पंखा फिरतच होता. सर्जेराव मनात म्हणाले, "देवा, आजचा दिवस वीज जाऊ दे." देवाने ऐकिले नाही. पंतांनी शिलेदार सातव्या गडावर चढविला. तो वर काय? एक उघडे अंगण, एक झेंडा, आणि 'खेळल्याबद्दल धन्यवाद'. त्र्यंबकपंत हळूच वळले आणि सर्जेरावांकडे पाहो लागले. पहिली बशी, कट्टा, सासुरवाड, सारे सर्जेरावांचे डोळ्यांपुढोन वाहोन गेले. तोच पंत गरजले, "हत्ती गाळला! मेल्यांनी हत्ती गाळला!"

मग जो गहजब जाहला तो वर्णावा किती! "पैसे घेतात आणि हत्ती खातात!" "जनावर काढायला यांचे हात कसे धजले?" सर्जेराव चाचरत म्हणाले, "अहो, कदाचित नसेलही... मी तेव्हा लहान..." पंतांनी त्यांस दटाविले, "तुम्ही गप्प बसा. तुमचे मन मोठे, तुम्ही क्षमा कराल. आम्ही करणार नाही!" लागलीच कारागिरांस तक्रार धाडिली, ती इंटरनेटावर चढली, आणि नवल ऐसे की परमुलखातील, कधी न पाहिलेले लोकही उठोन म्हणो लागले, आम्हांसही हत्ती पक्का आठवतो; कोणी म्हणे त्याचे दात सोन्याचे होते. कारागीर चक्रावले. एवढ्या रयतेपुढे कोणाचे चालते? त्यांनी कळविले की हत्ती येईल.

आणि कार्तिकात नवा अपडेट उतरला. पुन्हा दरबार, पुन्हा भजी. शिलेदार सातव्या गडावर चढला, नगारा वाजला, आणि धुक्यातोन पांढरा हत्ती डुलत आला, सोंडेने माळ घातली, पाठीवर घेतले आणि ढगात निघाला. त्र्यंबकपंतांनी डोळे पुसले. परंतु सर्वांहून मोठी आरोळी सर्जेरावांची. ते खुर्चीवर चढोन नाचो लागले, "अरे हत्ती! अगं, खरंच हत्ती!" वेणूबाईसाहेबांनी त्यांचा सदरा ओढून हळूच पुसिले, "अहो, इतका आनंद? तुम्ही तर दुसऱ्यांदा पाहताय ना?" सर्जेराव खाली उतरले, सदरा नीट केला, आणि गंभीरपणे बोलिले, "दुसऱ्यांदाच. पण तेव्हा सोंड इतकी लांब नव्हती." बाईसाहेबांनी सर्जेरावांपुढे आलेली मिसळीची पहिली बशी उचलिली आणि स्वतःच खाल्ली.

एवंच, रिमास्टर घ्यावा किंवा न घ्यावा हा वाद या राज्यापुरता मिटला. घ्यावा. जुने जैसे होते तैसे कोणास हवे आहे? जैसे आठवते तैसे मिळाले की रयत सुखी, आणि सर्जेरावांसारखे तर परमसुखी. बहुत काय लिहावे? हत्ती अद्याप ढगात आहे.