हीटरचं कौतुक

कतारच्या दोहा शहरातल्या घरगुती उपकरणांच्या कंपनीत मॅनेजर झाल्यावर देवव्रतने पहिली स्ट्रॅटेजी लिहिली. स्लाइड बऱ्याच होत्या, पण बहुतेक सजावटीच्या. खरी एकच: अल थुमामातलं रूम हीटरचं दुकान बंद करा. जूनमध्ये त्या दुकानात माणसं येत, ती एसीची हवा खायला. ही स्लाइड पटली तर देवव्रतची बढती पक्की. पण दुकान काढलं होतं मालक जियाद यांच्या वडिलांनी.

"एकदम बंद करा म्हणू नकोस," चैत्रालीने डबा भरता भरता नवऱ्याला बजावलं. "आधी दोन शब्द बरे बोल. बापाचं दुकान आहे ते."

"बोलेन गं."

"आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं नको."

देवव्रत सांगितलेल्या कामात काटकसर करणारा नव्हता. मीटिंगमध्ये त्याने दुकानाच्या जागेची तारीफ केली, मांडणीची केली, पाटीचीही केली. शेवटी म्हणाला, "असं दुकान नशिबानं मिळतं, सर."

जियाद यांनी डोळे मिटले. एक मोठा श्वास घेतला. "इतकं आवडलं? मग ते तुमचं, मिस्टर देव. उद्यापासून तुम्हीच सांभाळा." लगेच त्यांनी फोनवर काहीतरी अरबीत लिहून पाठवलं.

शेजारी बसलेल्या अकाउंटंट काशिफने कपाळाला हात लावला. "देवभाई, यांच्याकडे आवडलं म्हटलेली वस्तू देऊन टाकतात!"

"नको, नको, सर!" देवव्रत कळवळून म्हणाला. पण पाहुणा नको-नको म्हणाला की आपण जशी आणखी एक पुरी वाढतो, तशी तिथलीही रीत. जियाद यांनी गोदामही वाढलं.

पुढची स्लाइड होती 'दुकान बंद'. दिलेला नजराणा देणाऱ्यासमोरच कचऱ्यात कसा टाकायचा? देवव्रतने ती गुपचूप गाळली.

"पुढे?" जियाद यांनी विचारलं.

"पुढे काही नाही, सर. खलास."

जियाद यांचा चेहरा पडला. "कुणीतरी मॅनेजर येईल आणि दुकान बंद करा म्हणेल, याची मी किती वर्षं वाट पाहतोय. मुलानं वडिलांना कसं सांगायचं? तुमच्याकडून फार आशा होती."

"सर, ती स्लाइड आहे! आत्ता दाखवतो!"

तेवढ्यात जियाद यांचा फोन वाजला. उत्तर वाचून त्यांनी तो उलटा ठेवला.

"आता उशीर झाला. वडिलांना कळवलं होतं. ते म्हणतात, असा माणूस मिळालाय, तर शेजारचा गाळाही घेऊन टाका."