सर्वांत जवळचा पूर्वज

अल्माती शहरातल्या एका बँकेने आपली नोकरभरती निष्पक्ष असावी असे एकमताने ठरवले आणि त्यासाठी नियम केला : उमेदवार आणि मुलाखत घेणारा यांचे सात पिढ्यांत नाते निघाल्यास मुलाखत बाद. नियम उत्तम होता. अडचण एवढीच, की तो अशा मुलखात केला होता जिथे पोर पाय फुटायच्या आधी सात बापजाद्यांची नावे शिकते, आणि दोन अनोळखी माणसे पहिला चहा निवायच्या आत नाते लावून मोकळी होतात.

या बँकेत बोताकोझ सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या जागेसाठी आली. ताराझच्या घरून निघताना वडील म्हणाले होते, "कुणाला तरी शब्द टाकतो."

"नको बाबा. एकदा तरी माझ्या अकलेवर जाऊ द्या."

"आणि नाही झालं तर?"

"तर आत्याच्या औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसेन. कायमची. वचन."

मुलाखत घ्यायला येरमुखान होता. चष्मेवाला, मृदू माणूस. त्याने फळ्यावर फांद्या फुटत जाणारे झाड काढले, त्यावर गोल काढले. "कोणत्याही दोन गोलांचा सर्वांत जवळचा समान पूर्वज शोधायचा. प्रोग्राम लिही. आधी उदाहरण घेऊन समजाव."

जगात इतरत्र उमेदवार अशा गोलांत क, ख, ग लिहितात. बोताकोझने, तिथल्या कुठल्याही लेकीने लिहावे तसे, स्वतःचे घर लिहिले. ओठ आपोआप ठेका धरू लागले : माझा बाप अमांताय, अमांतायचा बाप कुआनिश, कुआनिशचा बाप ओतेगेन, ओतेगेनचा बायझान, बायझानचा तोलेबाय.

येरमुखानने चहाचा पेला खाली ठेवला. "तोलेबाय? लंगड्या घोड्यावरून शर्यत जिंकलेला?"

"हरलेला, आगाय," तिने वडीलधाऱ्याला म्हणतात तसे म्हटले. "जिंकल्याचं तो सांगायचा."

"अगं, तो माझाही पाचवाच की! म्हणजे तू माझी बहीण." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि मुलाखत बाद केली. अहवालात लिहिले : 'उत्तर अचूक. समान पूर्वज सापडला.'

दुसरा परीक्षक चौथ्या पिढीत सापडला. तिसरा सहाव्या. चौथ्याने सावधपणे दारातूनच वडिलांचे नाव विचारले आणि दारातूनच परत गेला. भरती विभागाच्या झाउरे आपाय, म्हणजे झाउरेताई, वैतागल्या.

"पोरी, तुला नात्यातलं नसलेलं कुणी भेटतच नाही का?"

"आपाय, माणसं तुमच्या बँकेची आहेत."

मग बँकेने नातेतपासणी कक्ष स्थापन केला. कक्षाला प्रोग्राम हवा होता. प्रोग्राम लिहायला इंजिनिअर हवा होता, इंजिनिअर नेमायला मुलाखत हवी होती आणि मुलाखतीला आधी नातेतपासणी. तेव्हा झाउरे आपायनी गोडीगुलाबीने सुचवले, की हे काम बोताकोझने 'घरचा अभ्यास' म्हणून करून आणावे. म्हणजे बिनपगारी, पण मुलाखतीचाच भाग.

तिने करून आणले. प्रोग्राम नदीसारखा वाहिला, एका पिढीतून दुसरीत, कुठेही न अडता. फक्त वाहत वाहत तो वरच्या मजल्यावर गेला. चेअरमन काल्दिबेक यांच्या नावाशी पोचल्यावर त्याने त्यांचे दोन सख्खे भाऊ, चार पुतणे आणि एक चुलतभाऊ असे सगळे खातेप्रमुख ओळीने दाखवले.

तातडीची बैठक झाली. प्रोग्राममध्ये दोष नाही, हे मान्य झाले. दोष नियमात होता. सुधारित नियम असा : दोन पिढ्यांपर्यंतचे नाते ही घरगुती बाब असून बँकेने घरगुती बाबींत डोकावू नये. तिसरी ते सातवी पिढी मात्र हितसंबंध समजावा.

नव्या नियमाने पहिली वैध मुलाखत पाचव्या पुतण्याची झाली. त्याचे नाव अल्दियार. मुलाखत स्वतः चेअरमननी घेतली.

"हे झाड बघ. याबद्दल काय सांगशील?"

"सफरचंदाचं आहे का, काका?"

अल्दियारची नेमणूक झाली. बोताकोझचा प्रोग्रामही त्याच्याकडे सोपवण्यात आला. तिला मात्र कळवले, की पाचव्या पिढीतला आपला भाऊ येथे नोकरीस असल्याने आपली निवड वशिल्याची ठरेल, आणि वशिला या बँकेला चालत नाही.

येरमुखान तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. "माझ्यामुळे गेली गं तुझी नोकरी. राजीनामा देऊ का?"

"दिलात तर ती जागा सहाव्या पुतण्याला मिळेल, आगाय. बसा तिथेच."

ताराझची बस समोर होती. ती चढली नाही. पलीकडच्या रस्त्यावर दुसरी बँक होती. तिथल्या भरती विभागात जाऊन तिने अर्ज दिला. चारच दिवसांत बोलावणे आले. तिथल्या माणसाने फळ्यावर तेच झाड काढले. या वेळी तिने गोलांत मुकाट्याने क, ख, ग लिहिले, उत्तर दिले, आणि वडिलांच्या नावाला 'ते निवडीनंतर सांगेन' म्हणाली. नोकरी मिळाली. निव्वळ अकलेवर.

तुम्हालाही बरे वाटले असेल. माणसाला त्याच्या गुणांवर जोखावे, हे तुमचे मत मला ठाऊक आहे. म्हणूनच पोरीचे आडनाव मी कुठेच सांगितलेले नाही, आणि तुम्ही ते मघापासून शोधता आहात. तेव्हा संकोच कशाला? विचारून टाका, ती नेमकी कुणापैकी.